लाल रेघेवरचा काटा

कुंभार्ली घाटाचं तिसरं वळण संपलं न संपलं, तोच काटा टुणकन उडाला आणि लाल रेघेला जाऊन चिकटला. अण्णांनी गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, इंजिन बंद केलं आणि हँडब्रेक ओढला.

“तापली,” ते म्हणाले.

मी घड्याळ पाहिलं. नऊला पाच कमी होते. एकच्या आत मला कराडला पोचायचं होतं. मांडीवर प्रमाणपत्रांची फाइल होती, आणि घरून निघाल्यापासून मी ती दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते.

अण्णा म्हणजे माझे सासरे, गणपत चाळके. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते, आणि एकतीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, हे चिपळूण आगारात कुणीही छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी पांढरी गाडी घेतली. रोज सकाळी तिला आंघोळ घालायचे, मग स्वतः करायचे. गाडीला नावं ठेवलेली त्यांना खपत नसत. एकच खोड ते कबूल करायचे, ती म्हणजे गाडी घाटात तापते.

‘गाडी तापते’ हे आमच्या घरातलं ब्रह्मवाक्य होतं. मी घाटावरची, कराडजवळच्या ओगलेवाडीची. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन खाली शिरगावला आले आणि माझं माहेर घाटाच्या पलीकडे राहिलं ते राहिलंच. दोन वर्षांपूर्वी भावाच्या लग्नाला निघालो तर काटा लाल झाला, आणि आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगती उठल्या होत्या. साताऱ्याला नोकरीची मुलाखत होती, तर काटा पुन्हा उडाला आणि घाट लागायच्या आधी पोफळीतूनच परत फिरलो. मी दोन दिवस जेवले नव्हते. अण्णांनी तेव्हा मला न विचारता बाजारातून माझ्या आवडीचे बोंबील आणले होते, आणि मी ते मांजराला घातले होते.

आता ही कराडची शेवटची संधी होती. तिथल्या एका खाजगी तंत्रशिक्षण संस्थेत उपकरणविद्या, म्हणजे इन्स्ट्रुमेंटेशन, शिकवायला माणूस हवा होता. माझा डिप्लोमा त्यातलाच. पुढच्या महिन्यात माझं वय त्यांच्या मर्यादेबाहेर जाणार होतं, म्हणजे आज नाही तर मग कधीच नाही. माझा नवरा दत्ता बोटीवर होता, त्यानेही फोनवर सांगितलं होतं की जा म्हणून. मी सकाळच्या सहाच्या एसटीने जाते म्हटलं तर अण्णा दुखावले. दारात गाडी असताना सून एसटीने लोंबकळत गेली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील, म्हणाले. गाडी मिस्त्रीला दाखवून आणलीय, आता नाही तापायची, असंही म्हणाले. मी विश्वास ठेवला. माझ्यासारखी शहाणी मीच.

“कराडचं आज जमेलसं दिसत नाही, बाय,” अण्णा बॉनेट उघडता उघडता म्हणाले. “थंड झाली की हळूच परत फिरू.”

मी फाइल छातीशी धरून खाली उतरले. बोलले असते तर तोंडातून भलतंच निघालं असतं, कारण मी फटकळ म्हणून अख्ख्या वाडीत प्रसिद्ध होते. एका बाजूला उभा कातळ, दुसऱ्या बाजूला कठडा आणि त्याखाली दरी. मोबाइलला रेंज नाही. वर जाता येत नाही, खाली जायचं नाही. सहा वर्षं मी जशी राहत होते त्याचा कुणी नकाशा काढला असता तर तो अगदी असाच निघाला असता.

अर्ध्या तासाने अण्णांनी मला कॅन दिला आणि मागच्या वळणावरच्या झऱ्यातून पाणी आणायला सांगितलं. मी गेले. कॅन अर्धा भरला असेल, तोच घाट चढून येणाऱ्या बसची घरघर ऐकू आली. बस माझ्या समोरून वळणावर गेली, मी हात केला, पण तोवर ती पुढे गेली होती. मग ब्रेकचा आवाज आला. आमच्या गाडीपाशीच थांबली असणार. जुना ड्रायव्हर रस्त्यात उभा दिसला की एसटीवाला थांबणारच, ती त्यांची रीत आहे. मी कॅन तिथेच टाकून पळत सुटले. साडीत पाय अडकत होता. वळण ओलांडलं आणि पाहिलं, तर बस निघाली होती, आणि अण्णा रस्त्याच्या कडेला उभं राहून तिला हाताने जा, जा अशी खूण करत होते.

धापा टाकत मी त्यांना विचारलं की मला का नाही बसवलं.

“भरलेली होती,” अण्णा म्हणाले. “पाय ठेवायला जागा नव्हती.”

बस पुढच्या वळणावर तिरकी झाली तेव्हा तिची मागची काच मला नीट दिसली. मागची अख्खी बाकं रिकामी होती.

म्हातारा माणूस आहे, नजर कमी झाली असेल, असं मी मनाला समजावून पाहिलं. पण ज्या माणसाने एकतीस वर्षं आरशात बघून प्रवासी मोजले, त्याला रिकामी बाकं दिसत नाहीत?

मी परत जाऊन कॅन आणला. अण्णा बॉनेटपाशी उभे होते. पाणी आता ओतू का, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, थांब, अजून उकळतंय, हात लावायची सोय नाही.

आणि हे म्हणताना त्यांचा उजवा तळहात रेडिएटरच्या वरच्या रबरी पाइपवर टेकलेला होता. आपण गप्पा मारताना दाराच्या चौकटीला टेकतो ना, तसा.

हातच्या काकणाला आरसा कशाला? मी तो तळहात बघत राहिले. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

शिकत असताना मी साखर कारखान्यात उमेदवारी केली होती. तिथे आमचे इनामदार सर होते. वाफेच्या एका नळावरचा काटा वेडावाकडा नाचायला लागला की पोरं घाबरून व्हॉल्व्ह बंद करायला धावायची, आणि सर शांतपणे म्हणायचे, काट्याला विचारू नका रे, काट्याला कोण सांगतंय त्याला विचारा. सहा वर्षं भाकऱ्या थापण्यात हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं होतं. आणि त्या तळहाताकडे बघता बघता ते सगळं एकदम परत आलं. खरी उष्णता हळूहळू चढते, काट्याला टुणकन उडी मारायला लावत नाही. आणि पाऊण तास वाऱ्यात उभं राहिलेलं इंजिन उकळत नाही.

मी पुढे झाले आणि त्यांच्या हाताशेजारी माझा हात ठेवला. पाइप गरम होता, पण आंघोळीच्या पाण्याइतकाच. अण्णांनी झटकन हात काढला.

मी रेडिएटरच्या झाकणावर पदर धरून ते सावकाश फिरवलं. वाफ नाही, फसफस नाही. आत पाणी गळ्यापर्यंत भरलेलं, निवांत. झाकण मी बाजूला बॅटरीवर ठेवलं. मग आत वाकून नुसती किल्ली फिरवली, इंजिन चालू न करता. काटा उठला तो थेट लाल रेघेवर.

पुन्हा बॉनेटपाशी येऊन सेन्सर शोधला. इंजिनाच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढा पितळेचा तुकडा, त्याच्यावर एकच वायर. पाणी किती तापलंय हे काट्याला सांगणारा तोच. मी वायर उपसून काढली आणि हवेत धरली. काचेतून आत पाहिलं. काटा धपकन खाली पडला होता, पार थंडाच्या खुणेवर. वायरमध्ये काही बिघाड असता तर तो लालवरच राहिला असता. वायर चांगली होती, इंजिन चांगलं होतं. खोटं बोलत होता तो सेन्सर.

“अण्णा, काटा बघा,” मी म्हटलं.

त्यांनी बघितलं नाही. कठड्याकडे जाऊन पाठमोरे उभे राहिले.

“मला माहीत आहे,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“तुझ्या भावाच्या लग्नाआधीपासून. मिस्त्रीने तेव्हाच सांगितलं. बदलून देतो म्हणाला. मी म्हटलं, राहू दे.”

साताऱ्याची मुलाखत त्या लग्नाच्या नंतरची. मी मनात हिशेब लावला: दोन्ही वेळा गाडी तापलीच नव्हती. पोफळीतून गाडी परत वळवताना हाच माणूस मला म्हणाला होता की नशिबात नसेल तर काय करणार.

मी का म्हणून विचारलं.

अण्णा दरीकडे बघतच म्हणाले, “दत्ता वर्षाचे आठ महिने पाण्यावर. तुझी सासू मला टाकून गेली. तू वर गेलीस की तिकडचीच होशील, हेमा. मग मी त्या घरात काय करू? भिंतींना चहा विचारू?”

मला रडू यायला हवं होतं. त्यांची दया यायला हवी होती, आणि खोटं कशाला बोलू, थोडी आलीही. पण संताप तिच्या दसपट होता. सासूबाई वारल्यापासून या माणसाचं पथ्यपाणी मी केलं होतं, ताप आला तर उशाशी बसले होते. त्यांनीही मला शाळेच्या मैदानावर गाडी शिकवली होती, लायसन्स काढून दिलं होतं आणि सून गाडी चालवते म्हणून वाडीभर मिरवले होते. चालवायला शिकवलं आणि रस्ता बंद करून ठेवला.

“मला विचारायचं होतंत,” मी म्हटलं. “तोंड होतं ना तुम्हाला? विचारायचं सोडून कोंडून घातलंत मला.”

मी गाडीतून किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांच्यापुढे धरला आणि सांगितलं की त्यातली घराची किल्ली हवी तर काढून घ्या, गाडी मी घेऊन चालले. बॉनेट धाडकन आपटलं. अण्णा येऊन शेजारच्या सीटवर बसले. त्या सीटवर ते आयुष्यात पहिल्यांदा बसले असावेत, कारण पाय कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं.

घाटात मी तोवर कधी गाडी चालवली नव्हती. पहिल्याच वळणावर गाडी मागे सरकली आणि माझी पाचावर धारण बसली. समोरून उसाच्या मळीचा टँकर उतरत होता. अण्णा समोरच बघत म्हणाले, दुसऱ्यात टाक आणि दुसऱ्यातच ठेव. मी टाकली. पुढच्या वळणाला म्हणाले, हॉर्न दे, आतून घे. रागाने कान तापले होते तरी मी ऐकत होते. त्यांच्या सांगण्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. त्या माणसाने मला वर नेऊन सोडलं म्हटलं तरी चालेल. काटा थंडावर मेल्यासारखा पडला होता, त्याच्याकडे बघायचं कारणच उरलं नव्हतं.

घाटमाथा आला, वारं लागलं. हेळवाक मागे पडलं आणि मी पहिल्यांदा श्वास सोडला. साडेदहा होत होते. गाडी सुसाट सोडली तर साडेबारापर्यंत कराड गाठता येणार होतं.

कोयनानगर ओलांडून थोडं पुढे गेलो असू, तेव्हा अण्णा नाकाने हुंगायला लागले.

“हेमा, गाडी थांबव,” ते म्हणाले. “तापलीय.”

मी हसले. खरंच हसले, वाईट हसले. मी वेग कमी केला नाही. लांडगा आला रे आला करणाऱ्या माणसाला आता कोण धावून जाणार? त्यांनी पुन्हा सांगितलं, मी पुन्हा दुर्लक्ष केलं. मला कुठलाही वास येत नव्हता, किंवा मला तो घ्यायचाच नव्हता.

“या वेळेला खरं सांगतोय,” अण्णा म्हणाले. “आता नाही थांबलीस तर इंजिन जाईल, आणि तू कराडला नाही पोचायचीस.”

हे शेवटचं वाक्य मला खटकलं, कारण ते माझ्या बाजूचं होतं. मी करकचून ब्रेक मारला. पण सीटवरून उठले नाही. म्हटलं, झालं का नाटक सुरू? आता किती वेळ लागणार, पाऊण तास की तास? अण्णा उतरले, बॉनेट उघडून काठी लावली आणि मला हाक मारली. मी उतरले आणि हाताची घडी घालून दूर उभी राहिले. म्हटलं, तुम्ही सांगाल ते ऐकायचे दिवस गेले.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग उजवा हात, तोच तळहात, इंजिनावर पाइप बसतो तिथल्या धातूवर ठेवला. आणि ठेवलाच.

पहिल्या क्षणी मला कळलं नाही. मग त्यांच्या मानेच्या शिरा दिसल्या. ओठ आवळलेले, डोळे माझ्यावर. हात काढत नव्हते. मी धावले आणि दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरून ओढलं. तळहात लालबुंद झाला होता, कातडी कडेने पांढरी पडत होती. गाडीतल्या बाटलीतलं पाणी त्या हातावर ओतताना निम्मं माझ्याच पायावर सांडलं.

“आता बसला विश्वास?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

तेव्हा मी आत पाहिलं. रेडिएटरचं तोंड उघडं होतं, आत पाण्याचा थेंब नव्हता. झाकण बॅटरीच्या खाचेत अडकून बसलं होतं, मी ठेवलं होतं तिथेच. घाट चढताना सगळं पाणी उडून गेलं होतं. काट्याने सांगितलं नसतं, कारण त्याची वायर मी काढली होती, आणि जोडून ठेवली असती तरी तो लाल रेघेवरच बसून राहिला असता. गाडी खरोखर तापलीय हे सांगणारा एकच उरला होता, आणि त्याचं मी ऐकत नव्हते.

माझ्या तोंडून कसंबसं निघालं की झाकण माझ्याकडून राहिलं.

“कुणाचंही राहतं,” अण्णा म्हणाले. “एकतीस वर्षांत माझंही दोनदा राहिलंय. आगारात कुणाला माहीत नाही.”

अकराला पाच कमी होते. इंजिन निवायला तास लागणार, मग पाणी, मग कराड. सगळं संपलं होतं. मी रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि पदरात तोंड खुपसून रडले. स्वतःचाच राग येत होता. डिप्लोमावाली, इनामदार सरांची शिष्या, आणि एक झाकण लावता येऊ नये.

मागून बसचा आवाज आला. मी उठून हात करायच्या आत अण्णा चालत रस्त्याच्या मधोमध गेले आणि भाजलेला हात वर करून उभे राहिले. ड्रायव्हर घाटावरचा होता, त्यांना ओळखत नव्हता. त्याने लांबून हॉर्न वाजवायला सुरुवात केली. अण्णा हलले नाहीत. बस त्यांच्यापासून चार हातांवर येऊन थांबली आणि तो खिडकीतून डोकं काढून शिव्या देऊ लागला. अण्णांनी त्या ऐकून घेतल्या, मग जवळ जाऊन म्हणाले, “मीही यातलाच आहे रे. ही सून आहे माझी. हिला एकच्या आत कराडला उतरव.”

त्या माणसाने त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि दार उघडायची खूण केली.

बस गच्च भरली होती, पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णांनी मला ढकलूनच वर चढवलं आणि फाइल माझ्या हातात कोंबली. मी म्हटलं की तुमच्या हाताला आधी दवाखाना. ते म्हणाले, आधी कराड. बस सुटली. माणसांच्या खांद्यांमधून मागच्या काचेतून ते मला दिसत होते. रस्त्यात उभे राहून तोच हात हलवत होते, जा, जा.

मी एकला दहा मिनिटं कमी असताना पोचले. मुलाखतीत त्यांनी विचारलं, एखादं उपकरण चुकीचं दाखवतंय हे कसं ओळखाल? मी जे उत्तर दिलं त्यात कुंभार्ली घाट नव्हता, पण समोरचे तिघेही लिहायचे थांबले होते. नोकरी मिळाली. ओगलेवाडीला आईकडे राहून जायचं ठरलं.

पहिल्या शनिवारी शिरगावला गेले तेव्हा अण्णांच्या तळहातावर हळदीचा लेप होता आणि गाडी अंगणात उभी होती. त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेला नवा सेन्सर काढला. मिस्त्री लावून देत होता, पण तू येईपर्यंत थांब म्हटलं, म्हणाले. मी पाना घेऊन वाकले. जुना काढला, नवा बसवला, वायर जोडली, आणि रेडिएटरचं झाकण दोनदा आवळून पाहिलं. किल्ली फिरवली. काटा तळाशी शांत होता. इंजिन चालू केल्यावर सावकाश वर सरकला आणि मध्यावर येऊन थांबला.

अण्णा गाडीच्या दाराला टेकून ते बघत होते. मग काट्याकडेच बघत त्यांनी विचारलं, “पुढच्या शनिवारी येशील?”

एवढंच विचारायला त्यांना दोन वर्षं लागली होती.

येईन, मी म्हटलं, आणि हात पुसून चहा टाकायला आत गेले.